चार हातांवर बुलबुल, तरी फोटो धूसरच

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. अंगणात पाण्याची थाळी ठेवलीय, करवंटीत पपईची फोड असते, बुलबुल रोज येतो, अगदी चार हातांवर बसतो. कॅमेऱ्यात हिरवा चौकोन लागतो, बीप वाजतं, मागच्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला की डोळा विरघळलेला आणि पिसांचा पत्ता नाही. मधेच एखादा चांगला लागतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आला की असे फोटो पाठवणाऱ्यांची रीघ लागते. एप्रिलात घरोघरी पाण्याच्या थाळ्या मांडल्या जातात तेव्हा पुन्हा तेच. आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच प्रश्न: लेन्स बदलू का?

बदलू नका. निदान इतक्यात नको. दहातल्या आठ जणांचा कॅमेरा ठणठणीत असतो असं मी म्हणेन, आकडा अंदाजाचा असला तरी. खरी गोम दुसरीकडे आहे. पक्षी जवळ आला म्हणजे फोटो सोपा झाला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो जवळ आल्यामुळेच फोटो अवघड होतो.

हिशेब करून बघू. साध्या क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्स आहे, अ‍ॅपर्चर एफ ५.६ (लेन्सच्या आतल्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं). भिगवणला उजनीच्या फुगवट्यात नावेतून ५० मीटरवरचा रोहित (फ्लेमिंगो) टिपताना तुमच्या हाताशी सव्वातीन मीटरच्या आसपास डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे शार्प दिसणारी पट्टी, असते. फोकस रोहिताच्या चोचीवर लागला काय, पाठीवर लागला काय, अख्खा पक्षी शार्प येतो. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तेच अ‍ॅपर्चर घेऊन अंगणातल्या तीन मीटरवरच्या बुलबुलाकडे वळा. आता डेप्थ उरली जेमतेम एक सेंटीमीटर. फोकस छातीवर लागला की डोळा गेला. डोळ्यावर लागला तर शेपूट गेली, पण ते चालतं. एफ ८ केलं तरी दीड सेंटीमीटरच्या फारशी पुढे सरकत नाही.

हालचालीचंही तसंच. पक्ष्यानं मान वळवताना १/१२५ सेकंदात डोळा समजा दोन मिलिमीटर सरकला. ५० मीटरवरून ती हालचाल २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर चारेक पिक्सेलची होते, म्हणजे कळतही नाही. तीन मीटरवरून तीच हालचाल पंचाहत्तरच्या वर पिक्सेल खाते. म्हणून भिगवणहून छान फोटो आणणारा माणूस घरच्या पेरूच्या झाडाखाली रडकुंडीला येतो.

आधी बिघडलेला फोटो नीट बघा

सेटिंग बदलण्याआधी वाईट आलेले फोटो डिलीट न करता शंभर टक्के मोठे करून पाहा. धूसर म्हणजे सगळं एकच नव्हे, आणि नेमका आजार त्या फोटोतच दिसतो.

फोटोत काही ना काही कडक शार्प आहे का ते शोधा. पुढची काडी, करवंटीची कड, पक्ष्याची नखं किंवा त्याच्या मागचं पान शार्प असेल तर फोकस भलतीकडे लागलाय. करवंटी शार्प आहे, पक्ष्याचे पायही शार्प आहेत, पण डोकंच पुसल्यासारखं आहे? मग पक्षी हलला आणि शटरचा वेग कमी पडला. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, पाण्यावरच्या चमकत्या ठिपक्यांच्या छोट्या रेघा झाल्या असतील, तर तुमचा हात हलला. आणि काहीच शार्प नाही, काहीच ओढलेलंही नाही, नुसताच गुळमुळीत फोटो असेल तर कॅमेरा आणि पक्षी यांच्यामध्ये काहीतरी आहे: काच, जाळी, गरम हवा, स्वस्तातला फिल्टर नाहीतर लेन्सच्या आतली बुरशी. हा शेवटचा प्रकार लोकांना सर्वांत जास्त छळतो, कारण सेटिंग कितीही फिरवलं तरी तो जात नाही.

फांदीची बैठक

फोकस भलतीकडे लागत असेल तर मेन्यूत शिरण्याआधी अंगणात जा. बहुतेक ठिकाणी थाळी किंवा करवंटी आंब्याच्या नाहीतर बोगनवेलीच्या गर्दीत टांगलेली असते. पक्ष्याला ते सोयीचं वाटतं, कॅमेऱ्याला नाही. ऑटोफोकसला जवळची, ठळक कडेची वस्तू आवडते. पक्ष्याच्या पुढे आडवी आलेली काडी त्याला डोळ्यापेक्षा जास्त पटते. नवीन मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांतलं पक्ष्याचा डोळा ओळखणारं फोकसही अशा काड्यांच्या जंजाळात कधी कधी दगा देतं.

बुलबुल, दयाळ, तांबट यातलं कुणीच सहसा थेट खाण्यावर उतरत नाही. आधी जवळच्या फांदीवर बसतात, इकडेतिकडे बघतात, मग खाली येतात. फोटो त्या फांदीवर काढायचा आहे, करवंटीवर नाही. ती फांदी कुठली असावी हे तुम्ही ठरवा. पेरूची किंवा चिंचेची वाळलेली, करंगळीएवढी जाड, दीड-दोन फूट लांब फांदी घ्या. साल असलेली बरी, पंजे घसरत नाहीत आणि दिसायलाही छान. कुंडीतल्या मातीत नाहीतर जुन्या छत्रीच्या स्टँडमध्ये रोवा आणि सुतळीनं दोन जागी आवळा. कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेला ती आडवी असली पाहिजे, तुमच्याकडे टोक करून नको. आडव्या फांदीवर पक्षी आडवा बसतो, त्याची चोच, डोळा आणि शेपूट जवळजवळ एका पातळीत येतात आणि ती सेंटीमीटरभर डेप्थ पुरते. आसपास बसायला दुसऱ्या सोयीच्या जागा असतील तर त्या थोड्या छाटा, म्हणजे पाहुण्यांना याच जागी यावं लागेल. फळ फांदीच्या मागच्या बाजूला, खोबणीत दडवून ठेवा. पपई फ्रेममध्ये येत नाही आणि पक्षी मात्र तिथंच घुटमळतो.

फांदी आणि मागची भिंत किंवा झाडी यांत चार-पाच मीटर मोकळे सोडा. मागची पार्श्वभूमी लांब गेली की ती एकसंध हिरवी होते आणि फोकसला तिकडे पळायला कारण उरत नाही. रंगवलेल्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या थाळीवरचे फोटो शार्प आले तरी पासपोर्ट फोटोसारखे दिसतात.

टांगलेल्या फीडरची, म्हणजे खाण्याच्या भांड्याची, आणखी एक खोडी. तो झुलतो. साळुंकी उतरली किंवा वारा आला की तो पुढेमागे दोन-तीन सेंटीमीटर सहज हलतो, आणि आपल्याकडे डेप्थ आहे त्याच्या निम्मी. फीडरच्या तळाला दुसरी दोरी बांधून ती खाली कुंडीला ताणून ठेवा. दोरी जरा विचित्र दिसते, पण फ्रेमच्या बाहेर राहते.

आता कॅमेरा. फोकसचा सर्वांत लहान एकच चौकोन निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. अनेक चौकोनांचा ऑटो एरिया इथे नको. फोकस मोड कंटिन्युअस, म्हणजे पक्ष्यामागे सतत फिरणारा: काही कॅमेऱ्यांत त्याला एआय सर्व्हो म्हणतात, काहींत एएफ-सी. वन शॉटमध्ये फोकस लागून गेल्यावर बुलबुल सेंटीमीटरभर पुढे झुकला तरी कॅमेरा जुन्याच जागी अडकून राहतो, आणि बीप वाजल्यामुळे आपण निश्चिंत. बीप हा फोकस लागल्याचा पुरावा आहे, डोळ्यावर लागल्याचा नव्हे.

फोकस लागतच नाही, लेन्स घरघर करत पुढेमागे फिरते, असं असेल तर अंतर बघा. प्रत्येक लेन्सला किमान फोकस अंतर असतं. कॅननची छोटी ५५-२५० एसटीएम ८५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. निकॉनच्या २००-५०० ला २.२ मीटर लागतात, सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीला २.८. म्हणजे महागड्या लेन्सवाल्यानं गॅलरीत मागे सरकायचं, आणि मागे भिंत! शिवाय मोठ्या लेन्सच्या बाजूला फोकस लिमिटरचं, म्हणजे फोकसची हद्द ठरवणारं, बटण असतं. सफारीवरून आल्यावर ते '१० मीटर ते अनंत' वर राहिलेलं असतं आणि समोरचा पक्षी तीन मीटरवर. ताडोबाहून परतल्यावरच्या आठवड्यात येणाऱ्या 'लेन्स बिघडली' छापाच्या फोनांपैकी बरेचसे या बटणावर मिटतात.

पक्षी हलतो, तुम्ही नाही

शटरबाबतचा सर्वांत चिवट गैरसमज स्टॅबिलायझरचा. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, ट्रायपॉडही लावलाय, मग १/१२५ सेकंदाचं शटर का चालू नये? कारण स्टॅबिलायझर तुमचा हात थांबवतो, पक्ष्याची मान नाही. बसलेल्या बुलबुलाला १/५०० ही पहिली पायरी धरा, दयाळ किंवा चष्मेवाला असेल तर १/१००० च्या खाली उतरू नका. पाण्यात पंख फडफडवून आंघोळ करणारा पक्षी गोठवायचा तर १/२००० आणि वर. जास्वंदीसमोर क्षणभर हवेत थांबलेल्या सूर्यपक्ष्याचे पंख १/२००० लाही पुसटच येतात. डोळा शार्प असेल तर ते पुसट पंख छानच दिसतात, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

प्रोग्राम किंवा ऑटो मोड सावलीत हमखास १/१०० ते १/२०० देतो. त्यापेक्षा मॅन्युअल मोड लावा, शटर १/१०००, अ‍ॅपर्चर एफ ५.६ किंवा ६.३, आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ऑटोवर. लख्ख उन्हात आयएसओ ४०० ला १/३२०० सुद्धा मिळतं. आंब्याच्या गर्द सावलीत उजेड चार स्टॉपनं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) पडला तर त्याच आयएसओला उरतं १/२००. १/१००० हवं तर आयएसओ २००० च्या घरात जाणार. जाऊ दे. दाणेदार शार्प फोटो सॉफ्टवेअरमध्ये सुधारतो, हललेला गुळगुळीत फोटो कशानं सुधारत नाही. लोक आयएसओला एवढे घाबरतात की ८०० च्या वर जायला हात कापतो, आणि मग हललेले फोटो 'सॉफ्ट लेन्स'च्या नावावर खपवतात.

त्यातही पक्ष्याचा स्वभाव कामाला येतो. बुलबुल फांदीवर बसल्याबरोबर अर्धाएक सेकंद ताठ, स्थिर असतो. घास गिळल्यावरही थांबतो. दयाळ शेपटी वर उचलतो तेव्हा अंग हलतं, उचललेली शेपटी टोकाला पोचली की थबकतो. नाचण मात्र जातिवंत अस्वस्थ, तिच्याकडून कसलीच अपेक्षा नको: बर्स्ट (एका दाबात फोटोंची माळ) लावा आणि नंतर निवडा. चष्मेवाले थव्यानं पाण्यावर येतात, एकमेकांना ढकलत डुबक्या मारतात आणि मिनिटाभरात पसार होतात. त्यांच्यासाठी थाळीच्या कडेवर आधीच फोकस लावून ठेवणं शहाणपणाचं.

ऊन तिरपं असताना हे सगळं सोपं जातं. डिसेंबरात सकाळी दहापर्यंत चालतं, मे महिन्यात साडेआठलाच खेळ खलास. त्यानंतर नुसता उजेडच कडक होत नाही, दुसरंच दुखणं सुरू होतं.

मधली हवा, काच आणि जाळी

हे फोटो ओळखायला सोपे, पटवायला कठीण. लागोपाठ काढलेल्या दहा फोटोंत एक लखलखीत, तीन बरे, बाकीचे उकडलेल्या बटाट्यासारखे. सेटिंग सगळीकडे तेच. पार्श्वभूमीतले उजेडाचे गोल बघा. त्यांच्या कडा फाटक्या, दुहेरी दिसत असतील तर दोषी आहे गरम हवा.

गच्चीवरचा कोबा, पत्र्याची शेड, पार्किंगमधली गाडी, अंगणातल्या फरशा, यांवरून तापलेली हवा वर चढत असते. थंड आणि गरम हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो, म्हणून चित्र थरथरतं. हायवेवर दुपारी पाणी पसरल्यासारखं दिसतं, त्याच जातीचा हा प्रकार. लोकांना वाटतं हे लांबच्या फोटोंचं दुखणं आहे. लांबच्याला ते जास्त हे खरं, पण तीन-चार मीटरवरही एक जागा भयंकर असते: उघडी खिडकी. आत एसी चालू, बाहेर ३८ अंश, आणि लेन्स नेमकी चौकटीत. दोन हवा तिथंच, लेन्सच्या तोंडाशी, एकमेकींत मिसळत असतात. हिवाळ्यात लोणावळ्याच्या किंवा नाशिकच्या गार पहाटेही हेच उलट बाजूनं होतं, खोली उबदार आणि बाहेर गारठा. उपाय साधा आहे: एसी आणि पंखा बंद करा, खिडकी अर्धा तास आधी उघडून ठेवा, किंवा सरळ बाहेर जाऊन बसा. उन्हात तापलेल्या काळ्या लेन्स हूडमध्येही गरम हवा कोंडते. शंका आली तर हूड काढून चार फोटो काढून बघा. फांदीखाली फरशी असेल तर तासभर आधी पाणी मारा, नाहीतर थाळी मातीवर किंवा हिरवळीवर हलवा.

खात्री करून घ्यायची असेल तर पक्षी नसताना फांदीवर बिस्किटाचा पुडा लावा. ट्रायपॉडवरून, टायमर लावून, एकदाच फोकस करून मग मॅन्युअलवर टाका आणि दहा फोटो काढा. पुड्यावरची बारीक अक्षरं सकाळी सातला दहाही फोटोंत वाचता आली आणि दुपारी बाराला तीनच फोटोंत, तर कॅमेऱ्याचा दोष नाही हे सिद्ध झालं.

बंद काचेतून काढायचंच असेल तर काच दोन्ही बाजूंनी पुसा, लेन्स काचेला अगदी जवळ आणि काटकोनात ठेवा, तिरकी नको. तिरक्या काचेतून टेलिलेन्सनं घेतलेल्या फोटोत कडांना सावलीसारखी दुसरी कड येते. खोलीतला दिवा बंद, आणि लेन्सभोवती काळा कपडा किंवा रबरी हूड, म्हणजे तुमचाच टी-शर्ट बुलबुलाच्या पोटावर उमटत नाही. सरकत्या खिडक्यांच्या दोन काचा एकावर एक आलेल्या असतील तर त्या भागातून काढूच नका.

डासांची जाळी हा आपल्याकडचा खास शत्रू. लेन्स जाळीला टेकवली की जाळी दिसेनाशी होते, आणि लोक समजतात काम झालं. जाळी दिसत नाही, पण ती उजेड विखुरते: फोटो पांढरट होतो, बारीक पिसं जातात. मागच्या उजेडाच्या गोलांत चौकडीच्या रेघा दिसल्या तर फोटो जाळीतून काढलाय हे मी न विचारता सांगू शकतो. जाळीची एक पट्टी वेल्क्रोवर करून घ्या, सकाळी तासभर काढून ठेवता येते.

लेन्सच्या तोंडावर दुकानदारानं फुकट दिलेला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून एकदा तुलना करा. ५० मिमीला जो फिल्टर काही बिघडवत नाही, तोच ४०० मिमीला कहर करू शकतो.

पावसाळ्याबद्दल दोन वाक्यं. एसीतून कॅमेरा एकदम दमट गॅलरीत आणला की समोरच्या काचेवर बाष्प धरतं आणि वीस-पंचवीस मिनिटं सगळंच स्वप्नवत येतं. बॅगेतच ठेवून बाहेर आणा, हळूहळू तापमानाला येऊ द्या. कोकणात आणि मुंबईत तीन-चार महिने लेन्स कपाटात पडून राहिली तर आत बुरशीचे धागे धरतात. मोबाइलचा टॉर्च मागून मारून समोरून पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यागत दिसतात, आणि फोटो कायमचा पांढरट होतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतेचा काटा, काटा ४० ते ५० टक्क्यांत. बुरशी धरलेली लेन्स घरी उघडू नका.

मोबाइलवाल्यांसाठी

मोबाइलचं दुखणं वेगळं आहे. त्यात डेप्थ भरपूर असते, फोकस सहसा चुकत नाही. फोटो बिघडतो तो दोन कारणांनी. एक, बोटांनी ओढून केलेला झूम: ठरावीक टप्प्याच्या पुढे तो नुसता कातरकाम असतो. दोन, बहुतेक फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्यांची गोधडी शिवतात. स्थिर फांदीला ते मानवतं. मधल्या काळात मान वळवलेल्या पक्ष्याला दोन चोची येतात किंवा डोक्याचा भाग मेणासारखा होतो. एचडीआर (उजेड-सावली जुळवायला अनेक फ्रेम एकत्र करणारी सोय) बंद करता येत असेल तर करा, सावलीत नाइट मोड आपोआप लागत असेल तर तोही.

आणि झूम करण्याऐवजी फोनच पुढे न्या. छोट्या ट्रायपॉडवर फांदीपासून दीड-दोन फुटांवर ठेवा, ब्लूटूथचा रिमोट घ्या आणि स्वतः आत बसा. वायरचा इअरफोन असेल तर बऱ्याच फोनमध्ये त्याचं आवाजाचं बटणही शटरचं काम करतं, फक्त वायर पुरली पाहिजे. सुरुवातीचे एक-दोन दिवस फोनच्या जागी तेवढाच काळा डबा ठेवा, पक्षी त्याला सरावतात. दयाळ तर चौकशीला जवळ येतो. फोर-के व्हिडिओ चालू ठेवून त्यातली फ्रेम काढणारेही आहेत. आठ मेगापिक्सेल मिळतात, पण व्हिडिओचं शटर सावलीत कमी पडतं, म्हणजे पुन्हा तेच.

काळा पक्षी, पांढरं आभाळ

हे शार्पनेसचं नाही, पण तक्रारीत मिसळून येतं. दयाळाचा नर, कोतवाल, विणीच्या हंगामातला जांभळा सूर्यपक्षी यांचे फोटो 'डिटेल नाही' म्हणून येतात. मागे पांढरं आभाळ असेल तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो, पक्षी कोळसा होतो आणि नंतर उजळल्यावर नुसते दाणे उरतात. तेव्हा एक ते दीड स्टॉप जास्त द्या. उलट गर्द हिरव्या पार्श्वभूमीवरच्या दयाळाच्या पंखावरचा पांढरा पट्टा जळतो, तिथं अर्धा-पाऊण स्टॉप कमी. फांदी थोडी खाली घेऊन पार्श्वभूमीतून आभाळच काढून टाकणं हा यापेक्षा सोपा इलाज.

पारवे, मांजर आणि खिडकी

गॅलरीत ज्वारी-बाजरी पसरली की मुनियांच्या आधी पारवे पोचतात. मग शेजारी, सोसायटी, नोटीस. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून केवढा गदारोळ उठला हे ताजंच आहे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर धान्य सोडा, पाणी आणि फळावर भागवा. फोटोच्या दृष्टीनंही बुलबुल, तांबट, चष्मेवाले, दयाळ, शिंपी ही मंडळी पाण्यावर आणि फळावरच येतात. धान्य द्यायचंच असेल तर अरुंद दांडीचा टांगता फीडर घ्या. पारवा तीनशे ग्रॅमच्या आसपास आणि ठिपकेदार मुनिया जेमतेम पंधरा ग्रॅमची, त्यामुळे बोटभर दांडी मुनियेला पुरते, पारव्याला नाही. फरसाण, पाव, खारवलेले दाणे नकोत.

थाळीत पाणी इंचभरच, उथळ. रोज बदला आणि आठवड्यातून एकदा घासा, नाहीतर डासांची पैदास आणि पक्ष्यांना रोग, दोन्ही. मांजराला दबा धरायला जागा नसेल अशा ठिकाणी ठेवा. मोठी काचेची खिडकी जवळ असेल तर फांदी काचेपासून मीटरभराच्या आत तरी असावी, नाहीतर नऊ-दहा मीटर लांब तरी. मधल्या अंतरावरून घाबरून उडालेला पक्षी पूर्ण वेगानं काचेवर आदळतो. अडीच-तीन मीटर फोकस अंतराची लेन्स वापरणाऱ्यांनी म्हणूनच काचेशेजारी फांदी ठेवून स्वतः बाजूच्या दारातून, अंगणातून फोटो काढावा.

घरट्यापाशी हे काहीही करायचं नाही. बुलबुलानं तुमच्याच कुंडीत घरटं केलं तर त्या काळात कॅमेरा आत.

एवढं करूनही फोटो सॉफ्टच

मग कॅमेरा आणि लेन्सकडे संशयानं बघायला हरकत नाही. डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर व्ह्यूफाइंडरमधून लागणारा फोकस आणि सेन्सरवरचा फोकस यांत थोडं अंतर पडू शकतं. एक खोकं उभं करा, त्याच्या शेजारी पट्टी ४५ अंशांत तिरकी टेकवा, पट्टीचा मधला आकडा खोक्याच्या पुढच्या कडेशी जुळवा. ट्रायपॉडवरून, तीन मीटरवरून, सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरवर व्ह्यूफाइंडरमधून खोक्यावर फोकस करून पाच-सहा फोटो काढा. दर वेळी फोकस आधी बिघडवून पुन्हा लावा. मग हेच लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, करा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे दर वेळी पट्टीवर एकाच बाजूला सरकलेले असतील, तर मधल्या आणि वरच्या श्रेणीच्या बऱ्याच बॉडींत ऑटोफोकस फाइन ट्यून असतं, त्यातून दुरुस्त होतं. सुरुवातीच्या मॉडेलांत ही सोय नसते. तिथं लाइव्ह व्ह्यू वापरणं किंवा सर्व्हिस सेंटर, दोनच वाटा. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच लागतो, त्यामुळे हा प्रकार सहसा उद्भवत नाही.

दोन्ही पद्धतींत फोटो सॉफ्ट, आणि फ्रेमची डावी बाजू उजवीपेक्षा स्पष्टपणे वाईट दिसत असेल, तर लेन्सचा एखादा घटक हललेला असू शकतो. लेन्स कधी पडली असेल तर हमखास. सर्व्हिस सेंटरला जाताना पट्टीचे हे फोटो मेमरी कार्डावर घेऊन जा आणि बॉडी व लेन्स दोन्ही द्या. 'पक्ष्यांचे फोटो बरे येत नाहीत' असं सांगितलं की काउंटरवरचा माणूस समोरच्या कॅलेंडरचा एक फोटो काढून 'सगळं ठीक आहे' म्हणतो. तिरक्या पट्टीचे फोटो समोर ठेवले की त्याला लेन्स आत पाठवावीच लागते.